मामाच्या हातावरची लाली

गालफुग्या हाताचा फार सढळ होता. पैशाला नव्हे, मारायला. बाटलीच्या काचेत बुडबुडा राहिला की साचा धरणाऱ्याच्या पाठीत बुक्का. कोणी कामात चुकारपणा केला की कानशिलात. माणूस हाताशी नसला तर वस्तूही चालायची. एकदा भट्टीचं दार अडलं म्हणून त्यानं त्या तापलेल्या दारालाच लाथ घातली, पाय भाजून घेतला, आणि मलम झोंबलं म्हणून ते लावणाऱ्या कंपाउंडरला दोन शिव्या हासडल्या.

नाव त्याला धंद्यानं दिलं होतं. तोंडानं फुंकून बाटल्या करणाऱ्याचे गाल काही वर्षांत सैल पडतात आणि फुंकताना चेंडूसारखे फुगतात. याचे रागानंही फुगायचे. मूठ उठायच्या आधी गाल फुगतात हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं, त्यामुळे शहाणी माणसं गाल बघूनच काढता पाय घ्यायची. न पळणारे दोघेच होते. एक त्याची बायको, जी कारखान्यातच बाटल्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायची, आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ.

हे वळण त्याला कोणी लावलं ते विचारायला लांब जावं लागत नव्हतं. भट्टीशेजारी स्टुलावर वस्ताद रोज संध्याकाळी बसलेलाच असायचा. वस्तादची शिकवायची वाट एकच, आणि ती पाठीवरून जायची. लोखंडाची फुंकनळी, तिचं गार टोक, आणि शिकणाऱ्याची पाठ. गालफुग्या आईबापाविना या कारखान्यात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. वस्तादनं त्याला जेवू घातलं, झोपायला जागा दिली आणि बदड बदड बदडला. मोठेपणी गालफुग्या सदरा वर करून पाठीवरचे वळ लोकांना दाखवायचा, दुसरे लोक पदकं दाखवतात तसा. म्हणायचा, "हे नसते तर मला बाटली आली नसती." मला विचाराल तर बाटली त्याला त्या वळांशिवायही आली असती. पण हे त्याला सांगणार कोण, आणि सांगून आपले दात कुठे ठेवणार?

आता वस्ताद थकला होता. दम पुरत नव्हता म्हणून फुंकणं सुटलं होतं. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. तो गालफुग्याच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. दिवसा नवरा-बायको आणि मेहुणा असे तिघे कामावर गेले की त्यांची पोर वस्तादकडे असायची. तिचं ठिणगी हे नावही त्यानंच पाडलेलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला गोंजारलं नाही, तो त्या पोरीला मांडीवर घेऊन, गार वारा लागू नये म्हणून खिडकी लावून, तासन् तास चिमण्यांचे आवाज काढून दाखवायचा. संध्याकाळी तिला आईच्या हवाली करून काठी टेकत भट्टीवर यायचा आणि रात्रपाळीला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांचा उद्धार करायचा. मध्ये मध्ये खोकायचा. पण म्हातारा काचवाला खोकतोच. त्याला भट्टीचा खोकला म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

आणि तो मेहुणा. त्याला सगळे मामा म्हणायचे. ठिणगी फाटकातून "मामाऽ" अशी आरोळी ठोकायची, तेव्हापासून तो अख्ख्या कारखान्याचा मामा झाला. कोणाला बदली पाळी हवी असली की मामाला पुढे करायचे. जड खोकी मामा उचलणार, डब्यातली शेवटची भाकरी मामा देणार. "मला मामा बनवायची गरजच नाही, मी आहेच," असं म्हणून हा स्वतःच हसायचा. अंगानं बैल. मनात आणलं असतं तर त्यानं भावजींना एका हातानं उचलून साच्यात बसवलं असतं. पण त्यानं कधी कोणावर हात उगारला नव्हता, आणि गालफुग्याला याचाच राग यायचा.

एका नळीवर दोघं काम करत. मामा भट्टीत नळी घालून वितळलेली काच टोकावर गुंडाळून घ्यायचा, पहिली हलकी फुंक मारायचा आणि नळी भावजींच्या हातात द्यायचा. गालफुग्या तिला तोंड लावून साच्यात बाटली फुगवायचा. मामाच्या तोंडातली नळी याच्या तोंडात. मध्ये ती पुसायची नाही, हा तिथला नियम. पुसणं म्हणजे जोडीदाराच्या तोंडावर थुंकणं. एका नव्या माणसानं एकदा बाहीनं नळीचं तोंड पुसलं होतं. तो अजून पुढच्या दोन दातांशिवाय जेवतो.

अशा घरातली ठिणगी विझत चालली.

आधी ताप. मग उलट्या. मग पोर नुसती पडून राहायला लागली, उजेडाकडे बघेना, मान वाकवली की किंचाळायची. आईनं तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिला झटके येत होते. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं आणि सांगितलं, टीबी आहे. छातीचा नाही, मेंदूच्या आवरणाचा. औषधं सुरू केली आहेत. वाचेल की नाही हे आज सांगता येत नाही.

"एवढ्या लहान पोरीला कुठून झाला?" गालफुग्यानं विचारलं.

"मोठ्या माणसाकडून. तिच्या रोजच्या सहवासातलं कोणीतरी असणार. ते माणूस शोधायला हवं, त्यालाही उपचार लागतील."

शेवटचं वाक्य त्यानं ऐकलंच नाही. शोधायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं, आणि तिथे शिरलेली गोष्ट कधी थंड राहत नसे. कोणीतरी आपल्या लेकीला हे दिलं आहे. त्या कोणीतरीला एक तोंड असणार, एक जबडा असणार. त्या विचारानं त्याला बरं वाटलं. पोर डोळ्यांसमोर आकडत असताना नुसतं उभं राहणं त्याला जमत नव्हतं. मारायला माणूस मिळाला की सगळं जमणार होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची नर्सबाई कारखान्यात आली. घरातले आणि पाळीवरचे, वस्तादसकट सगळ्यांना तिनं भट्टीसमोरच रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, कातडीत बारीक सुई घातली. तिथे पाण्याच्या थेंबाएवढा फुगा आला आणि थोड्या वेळानं बसला. भट्टीचा पंखा घरघरत होता, पलीकडे खराब बाटल्या फोडण्याचं काम चाललं होतं. नर्सबाई तोंडाशी हात धरून ओरडत होती.

"खाजवायचं नाही! चोळायचं नाही! परवा मी येऊन बघीन! स्वतःचं स्वतः काही ठरवायचं नाही, कळलं का?"

"कळलं," सगळे म्हणाले. खाजवायचं नाही, एवढं ऐकू गेलं होतं.

आता काचवाल्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. काचवाला रंगावर जगतो. भट्टीतली काच पिवळी आहे, नारिंगी आहे की लाल, एवढ्यावर तिला उचलायचं की थांबायचं हे ठरतं. त्याला बोट लावून बघायची सोयच नसते. बोट लावलं की बोट गेलं. जे लाल ते तापलेलं, जे लाल ते जपायचं. जन्मभर डोळ्यांनी माप काढणाऱ्या या माणसांना हातावरचा डाग दिला आणि दोन दिवस थांबा म्हणून सांगितलं. ते कसले थांबतात!

नर्सबाई यायच्या आदल्या संध्याकाळी पाळी सुटली आणि सगळे नळावर हात-पाय धुवायला जमले. लांबच लांब लोखंडी हौद, वर दिवा, कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या फुंकनळ्या. कोणीतरी बाही वर केली. मग सगळ्यांनीच केल्या. एकाचं गुलाबी, एकाचं फिकट, एकाचं काहीच नाही. गालफुग्याचा हात भाजून भाजून काळवंडलेला, त्यावर रंग म्हणून काही दिसेना. साबण लावताना कातडीखाली काहीतरी टणक बोटाला लागलं खरं, पण ते लाल नव्हतं, म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

वस्तादही स्टुलावरून उठून आला. बाही सारून त्यानं सगळ्यांना हात दाखवला. हाडांवर ताणलेली कातडी, आणि तिच्यावर सुईचा ठिपकासुद्धा नाही.

"बघा रे, कोरा!" तो म्हणाला. "माझ्या अंगात शिरायची कोणाची छाती आहे?" आणि खोकला.

तेवढ्यात दिव्याखाली मामाचा हात आला. लालभडक. मनगटापासून कोपरापर्यंत रसरसलेला, आणि मध्ये सुईच्या जागेभोवती तर जांभळट. भट्टीच्या तोंडाशी दिवसभर तोच उभा असायचा, आणि रात्री झोपेत त्यानं तिथे खाजवलंही होतं. पण हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"हा तर पेटलाय," वस्ताद म्हणाला.

 मग एक जण पुटपुटला, पोरीला कडेवर घेऊन हाच हिंडतो. दुसरा म्हणाला, तिच्या ताटात हाच जेवतो.

मामानं आपला हात दिव्याकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्याच्या तोंडावरचं नेहमीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"भावजी," तो म्हणाला, "मीच असेन हो. माझ्यामुळेच झालं असेल."

गालफुग्याचे गाल फुगले. बाकीचे मागे सरले. मामा सरला नाही.

पहिला ठोसा नाकावर बसला. दुसरा पोटात, आणि मामा वाकला तेव्हा गुडघा तोंडावर. मामानं हात वर केले नाहीत. दोन्ही हात बाजूला सोडून तो पुन्हा उभा राहिला. नाकातून रक्ताची धार लागली होती. "मारा, भावजी," तो म्हणाला. समोरचा माणूस हात उचलत नाही, पळत नाही, उलट मारा म्हणतो, म्हणजे हा कबूलच करतोय, असं गालफुग्याला वाटलं आणि उरलासुरला तोल सुटला. त्यानं केस धरून त्याचं डोकं हौदाच्या काठावर आपटलं. बरगड्यांत लाथा घातल्या. "माझी लेक! साल्या, माझी लेक!" एवढंच तो ओरडत होता. दोघं जण मध्ये पडायला धावले.

"सोडू नकोस त्याला!" वस्ताद काठी आपटत ओरडला. "पोरीचा जीव घेतला त्यानं!" आणि त्याला खोकल्याची एवढी उबळ आली की तो भिंतीला धरून खाली बसला.

वस्तादचा शब्द गालफुग्यानं जन्मात कधी मोडला नव्हता. त्यानं कोपऱ्यातली फुंकनळी उचलली. मामा गुडघ्यांवर होता आणि वर बघत होता. नळी जबड्यावर बसली तेव्हा जो आवाज झाला तो तिथल्या प्रत्येकानं रोज ऐकलेला होता, पण तो काचेचा. माणसाचा त्यांनी कधी ऐकला नव्हता. मामा कुशीवर पडला आणि हलेना. मग मात्र सहा जणांनी मिळून गालफुग्याला खाली दाबला.

मामाला त्याच दवाखान्यात नेलं, दुसरा कुठला जवळ नव्हता. ठिणगी वरच्या मजल्यावर, मामा खालच्या. गालफुग्याची बायको लेकीच्या उशाशी बसलेली होती. कोणीतरी येऊन तिच्या कानात सांगितलं. ती खाली आली, भावाचं तोंड पाहिलं. ते तोंड म्हणून ओळखूच येत नव्हतं.  नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, सोललेल्या बोटांकडे, आणि हातातला स्टीलचा डबा तिनं सारी ताकद एकवटून त्याच्या तोंडावर हाणला. मग पुन्हा हाणला. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"तू माणूस आहेस की कोण आहेस? माझी पोर वर मरतेय आणि तू माझा भाऊ खाली मारून आणलास!"

"त्याच्यामुळेच," गालफुग्या फुटलेल्या ओठानं म्हणाला. "त्याचा हात बघ."

सकाळी नर्सबाईनं तो हात बघितला. कारखान्यात जायच्या आधी ती इथे आली, कारण तिचा एक माणूस कारखान्यात नसून खाटेवर बेशुद्ध पडलेला आहे हे तिला कळलं होतं. नवरा-बायको दोघंही तिथे होते. तिनं मामाचा हात उजेडाकडे वळवला, आणि मग गालफुग्याला अजब वाटेल असं केलं. तिनं डोळे बाजूला वळवले. खिडकीबाहेर बघत ती नुसतं बोटाचं टोक त्या लाल कातडीवरून हळूहळू फिरवत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही कसं? डोळे फुटलेत का? लालभडक आहे तो!"

"लाल आहे. लाल कोण मोजतं? लाली शेकल्यानं येते, खाजवल्यानं येते, नुसत्या सुईनंही येते. कातडीखाली टणक फुगवटा येतो का ते बघायचं असतं, आणि त्याचं आडवं माप घ्यायचं असतं. याच्या हाताला टणक काहीही नाही. मी सांगितलं होतं ना, स्वतःचं स्वतः ठरवू नका म्हणून?" ती त्याच्याकडे वळली. "तुमचा बघू."

त्यानं हात पुढे केला. काळा, कोरा दिसणारा हात. नर्सबाईचं बोट फिरलं आणि एका जागी थांबलं. तिनं खिशातून छोटी पट्टी काढून आडवी धरली.

"हे बघा. हा टणक आहे, आणि मोठा आहे. तुमच्या अंगात टीबीचा जंतू शिरलेला आहे."

बायको एकदम मागे झाली. गालफुग्या खाली बघत राहिला. 

"म्हणजे मी? ठिणगीला मी दिला?"

"असं म्हटलं का मी? शिरला म्हणजे माणूस आजारी पडला असं नाही. हजारोंच्या अंगात तो झोपलेला असतो, आणि झोपलेला जंतू दुसऱ्याला होत नाही. जागा झाला असेल तरच होतो. ते हातावर कळत नाही, छातीच्या फोटोत आणि थुंकीत कळतं. जा, दोन्ही करून घ्या."

त्यानं दोन्ही केलं आणि निकाल हाती येईपर्यंत जिन्याखाली बसून राहिला. मामाला जे वाटलं होतं ते आता त्याला वाटत होतं. आपल्या श्वासानं आपल्या लेकीला मारलं. त्या क्षणी कोणी येऊन फुंकनळी उचलली असती तर तोही दोन्ही हात बाजूला सोडून उभा राहिला असता. पण त्याला मारायला कोणी आलं नाही. म्हणून त्यानं स्वतःच भिंतीवर मुठी मारल्या, आधीच सोललेल्या, पुन्हा पुन्हा, चुन्यावर रक्ताचे डाग पडेपर्यंत. शेवटी वॉर्डबॉयनं त्याला धरून बाकावर बसवलं. लालीला मारणं सोपं होतं. स्वतःच्या कातडीखालच्या त्या गाठीला कसं मारणार?

त्याचा फोटो स्वच्छ आला. थुंकीतही काही निघालं नाही.

"तुम्ही नाही," नर्सबाई म्हणाली. "पण जंतू पुढे जागा होऊ नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतील. आता मला सांगा, पोरीच्या जवळ बराच वेळ खोकत बसणारं कोण आहे? बंद खोलीत? वजन उतरलेलं?"

"एकाच नळीला आम्ही तोंड लावतो," गालफुग्या म्हणाला. "तिच्यातून..."

"नळीतून नव्हे. खोकल्यातून, हवेतून. खोकणारं कोण आहे?"

"वस्ताद," बायको म्हणाली.

"वस्तादचं नाव घेऊ नकोस! त्यांचा हात मी बघितलाय. सपाट आहे. लाल नाही, टणक नाही, काही नाही!"

नर्सबाईनं हातातला त्याचा फोटो खाली ठेवला. ती चिडली होती, आणि मला वाटतं तिला थोडी दयाही आली होती.

"फुगवटा कोण आणतं? अंग आणतं. अंगात जोर असला तर ते जंतूला ओळखतं आणि सुईच्या जागी फुगून उठतं. ज्याला रोगानं आतून खाल्लंय, त्याच्यात फुगायचं तरी बळ कुठून येणार? त्याचा हात सपाटच राहतो. कोरा हात म्हणजे निरोगी माणूस, असं नाही. घेऊन या त्यांना."

गालफुग्या चालत निघाला आणि अर्ध्या वाटेवर धावू लागला. कशासाठी धावतोय हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. सोडू नकोस त्याला, हे वाक्य कानात वाजत होतं. खोलीचं दार त्यानं लाथेनं उघडलं. खिडकी लावलेली. वस्ताद खाटेवर उकिडवा बसून खोकत होता, आणि खाटेखालच्या डब्यात थुंकीबरोबर जे पडलेलं होतं ते लाल होतं.

"काय रे, मेला का तो साला?" वस्तादनं विचारलं.

गालफुग्याची मूठ वर गेली. समोरचं डोकं एवढं लहान झालं होतं, मान एवढी बारीक, की एका ठोशात काम झालं असतं. "चला दवाखान्यात," तो म्हणाला. "तुम्हाला टीबी आहे."

"मला?" वस्तादनं बाही वर सारली. "हा हात बघ! साऱ्यांनी बघितलाय! तुला शिकवला, खाऊ घातला, आणि तू माझ्यावर..." त्यानं काठी उचलून गालफुग्याच्या डोक्यात घातली.

मूठ खाली आली, पण उघडून. गालफुग्यानं त्याला काखेत धरून उचललं आणि खांद्यावर टाकलं. वजन काहीच नव्हतं. रस्त्याला लागला तरी वस्ताद त्याला मारतच होता, काठीनं, काठी पडल्यावर मुठीनं, चावून, ओरबाडून. हरामखोर म्हणाला, नमकहराम म्हणाला, आणि प्रत्येक शिवीमागून खोकला. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो चालत राहिला.

थुंकीत जंतूच जंतू निघाले. नर्सबाईनं वस्तादला ते सांगितलं, आणि पोरीचंही सांगितलं, कारण त्यानं विचारलं. तो एकदाच म्हणाला, "वारा लागू नये म्हणून मी खिडकी लावत होतो." मग भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याला औषधं दिली जात होती, तो ती घेत होता. शिव्या मात्र त्यानं कोणाला दिल्या नाहीत.

पुढचे काही दिवस गालफुग्या दोन मजल्यांच्या मध्ये जिन्यावरच राहिला. वर ठिणगीचे झटके थांबले, ताप उतरू लागला. एका सकाळी तिनं डोळे उघडून दूध मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगेल. एका कानानं कमी ऐकू येईल बहुतेक, आणि औषधं खूप महिने चालतील, पण जगेल. ती नाचून सांगायची गोष्ट होती, आणि ती सांगायची कोणाला, तर ज्याला सांगायची तो खाली जबड्याला तारा बांधून पडला होता. जबडा जुळणार होता, पण वाकडा. नळीला ओठ घट्ट लावणं आता विसरा, असं खालच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे त्याची काच संपली.

त्याच दुपारी मामा शुद्धीवर आला. बायको जिन्यावर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"त्याला अजून वाटतंय की त्यानंच केलं. डोळे उघडल्यापासून आपल्या हाताकडे बघून रडतोय. जा, तू सांग."

"तूच सांग. मला बघून तो..."

"मी नाही सांगणार. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

गालफुग्या खाली गेला. ज्यांना तो आजवर घाबरला ती माणसं बोटांवर मोजावीत इतकीही नव्हती, पण त्या दारापासून तो दोनदा मागे फिरला. मामा उताणा पडला होता. तोंड सुजलेलं, डोळे फटींएवढे. भावजी दिसल्याबरोबर त्यानं दोन्ही हात अंगाशी घेतले नाहीत, तोंड लपवलं नाही. मारायला आले असतील तर मारू देत, असंच तो पडून राहिला.

"तू नव्हतास," गालफुग्या म्हणाला. मग खाटेजवळ जाऊन पुन्हा म्हणाला. "मामा, तू नव्हतास. तुझा हात साफ आहे. ती नुसती लाली होती. माझ्या अंगात आहे, तुझ्या नाही. वस्तादकडून आला पोरीला."

 मामानं उजवा हात उचलून जमिनीपासून ठिणगीएवढी उंची दाखवली.

"बरी आहे. दूध मागितलं सकाळी. जगेल म्हणाल्या."

तारांमागून एक आवाज निघाला. गालफुग्याला आधी वाटलं शिवी असेल, आणि त्याला हवीच होती. पण मामा रडत होता, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. जबडा गेला, धंदा गेला, बरगड्या मोडल्या, याचं त्याला काहीच नव्हतं. आपण त्या पोरीला मारलं नाही, एवढ्याच आनंदानं तो माणूस हमसून हमसून रडत होता. त्यानं चाचपडत भावजींचा हात धरला, ज्यानं त्याला असा करून ठेवला होता तोच, आणि घट्ट दाबला.

"मार मला," गालफुग्या म्हणाला. त्याचे गाल थरथरत होते. "मामा, ऊठ आणि मार मला. एकदा तरी मार रे."

मामानं मान हलवली. त्यानं हात सोडला नाही. दुखत असतानाही तो इंच इंच करत भिंतीकडे सरकला आणि भावजींना बसायला खाटेवर जागा केली.